दोष कुणाच्या माथी?

पोलासपुरात सद्दालपुत्त नावाचा एक श्रीमंत कुंभार राहत असे. गावाबाहेर त्याची मडक्यांची पाचशे दुकाने होती, असे ‘उवासगदसाओ’ हा जैन आगमग्रंथ सांगतो. सद्दालपुत्त आजीविक पंथाचा, मक्खली गोशालाचा अनुयायी. जे घडते ते नियतीने घडते. बळ, पराक्रम, माणसाचा यत्न यांतले काहीच खरे नाही, ही त्या पंथाची शिकवण. एकदा महावीर त्याच्याकडे आले. कच्ची मडकी उन्हात वाळत होती. महावीरांनी विचारले, ही मडकी होतात कशी? कुंभाराने कामाची रीत सांगितली : माती आणायची, पाण्यात भिजवायची, राख आणि शेण घालून मळायची, मग चाकावर चढवायची. म्हणजे ती यत्नाने होतात की यत्नावाचून? आता पंथाला धरून उत्तर आले : यत्नावाचून, सारे ठरलेलेच असते. तेव्हा महावीरांनी पुढचा प्रश्न टाकला. समज, कुणी तुझी ही मडकी चोरली, फोडली, किंवा तुझ्या बायकोवर, अग्गिमित्तेवर हात टाकला, तर तू काय करशील? कुंभार म्हणाला, त्याला शिव्या देईन, बांधून घालीन, मारीन, वेळ आली तर जीव घेईन. महावीर म्हणाले, पण सगळे ठरलेलेच असेल, तर त्या माणसाने काही केलेच नाही. मग मारणार कशासाठी?

कथेत सद्दालपुत्त निरुत्तर होतो आणि महावीरांचा उपासक बनतो. ही कथा आजीविकांच्या विरोधकांनी लिहिलेली आहे, हे विसरून चालणार नाही. आजीविकांचे स्वतःचे ग्रंथ नष्ट झाले. गोशालाचे म्हणणे आपल्याला कळते ते जैन आणि बौद्ध ग्रंथांतून, म्हणजे खोडून काढण्यासाठी मांडलेल्या रूपात. गुंडाळलेल्या दोऱ्याचा गोळा फेकला की तो संपेपर्यंत उलगडत जातो, तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही चौऱ्याऐंशी लाख महाकल्प फिरून मगच दुःखाचा अंत करतील, असे त्याचे मत ‘सामञ्ञफलसुत्ता’त दिले आहे. तरीही हा पंथ किरकोळ नव्हता. गयेजवळच्या बराबर डोंगरात सम्राट अशोकाने आजीविकांना गुंफा दान दिल्या. आरशासारख्या घोटलेल्या त्यांच्या भिंती आजही पाहता येतात. नियतीच सगळे करते असे मानणारे हे लोक कडक तपश्चर्या करीत. ज्याला काहीच करता येत नाही असे स्वतःचे मत आहे, त्याने उपास कशासाठी करावेत, हा प्रश्न त्यांना तेव्हाही विचारला गेला असणार.

इच्छास्वातंत्र्यावरच्या या पुस्तकाची सुरुवात ग्रीकांपासून किंवा मेंदूच्या आलेखांपासून करता आली असती. मी कुंभाराची गोष्ट निवडली, कारण महावीरांचा युक्तिवाद नियती खोटी ठरवत नाही. मडकी चोरणाऱ्याचे चोरणे आधीच ठरलेले असू शकते; आणि कुंभाराचा संतापही तितकाच ठरलेला असू शकतो. महावीर दाखवतात ते एवढेच की नियतीवादी माणूस स्वतःच्या हिशेबात एक खाते उघडे ठेवतो : करण्याचे श्रेय आणि मोकळीक तो पुसून टाकतो, पण दुसऱ्याचा दोष पुसत नाही. या पुस्तकाच्या निमित्ताने मला जे म्हणायचे आहे ते याच खात्याविषयी आहे. इच्छास्वातंत्र्य आहे की नाही, हा प्रश्न मोठा आहेच. पण ते नाही असे मानणाऱ्यांनी पुढे दोषाचे काय केले, यावर माणसांची आयुष्ये घडली आणि मोडली आहेत.

पी. एफ. स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६२ मध्ये ‘फ्रीडम अँड रिझेंटमेंट’ हा निबंध लिहिला. त्यातला मुद्दा सद्दालपुत्ताला लगेच समजला असता. राग, कृतज्ञता, क्षमा, दुखावले जाणे या आपल्या प्रतिक्रिया कुठल्या तत्त्वज्ञानातून निघालेल्या नाहीत, माणसामाणसांतल्या नात्याचाच त्या भाग आहेत, आणि कार्यकारणाचा सिद्धांत कुणी सिद्ध करून दाखवला म्हणून त्या गळून पडणार नाहीत, असे स्ट्रॉसन म्हणतात. ज्याच्यावर आपण कधीच रागावू शकत नाही, त्याला आपण माणूस म्हणून वागवतच नाही. त्याला सांभाळतो, हाताळतो, त्याच्यावर उपचार करतो. पुढे त्यांचाच मुलगा गेलन स्ट्रॉसन याने नेमकी उलट बाजू घेतली : आपण जे करतो ते आपण जसे आहोत त्यातून येते, आणि आपण जसे आहोत तसे आपण स्वतःला घडवलेले नाही, तेव्हा अखेरच्या अर्थाने कुणीही कशालाही जबाबदार असू शकत नाही. बापलेकांतला हा मतभेद वाचताना मला नेहमी वाटते की मुलाचा युक्तिवाद खोडता येत नाही आणि बापाचे निरीक्षण नाकारता येत नाही.

भौतिकशास्त्राचा भाग पुढे सविस्तर येईल, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. १८१४ मध्ये लाप्लासने अशा एका बुद्धीची कल्पना केली, जिला या क्षणी विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि त्यावरचे प्रत्येक बल ठाऊक असेल. तिला भविष्य भूतकाळाइतकेच स्पष्ट दिसेल. विसाव्या शतकात पुंजभौतिकीने या चित्राला तडा दिला. पण त्यामुळे माणूस मोकळा झाला असे मानणे घाईचे आहे. माझा हात योगायोगाने उठला काय आणि नियमाने उठला काय, दोन्ही वेळा तो मी उचलला असे म्हणायला पुरेसा आधार मिळत नाही.

मेंदूच्या प्रयोगांपाशी मात्र थांबायला हवे, कारण ‘विज्ञानाने इच्छास्वातंत्र्य खोटे ठरवले’ असे वर्तमानपत्री विधान त्यांच्याच जोरावर केले जाते. सॅन फ्रान्सिस्कोत बेंजामिन लिबेट यांनी केलेला प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही स्वयंसेवकांना सांगितले की मनात येईल तेव्हा मनगट हलवा. समोरच्या पडद्यावर एक ठिपका घड्याळाच्या काट्यासारखा फिरत होता. सुमारे अडीच सेकंदांत त्याची एक फेरी होई. हलवण्याची इच्छा झाली तेव्हा ठिपका कुठे होता, ते त्यांनी लक्षात ठेवायचे. एकीकडे डोक्यावरच्या पट्ट्यांतून मेंदूतली विद्युत्क्रिया नोंदली जात होती. हालचालीपूर्वी मेंदूत एक संथ चढाव सुरू होतो हे कॉर्नह्यूबर आणि डीके या संशोधकांनी १९६५ मध्येच दाखवले होते. लिबेट यांना दिसले की हा चढाव हालचालीआधी सुमारे ५५० मिलिसेकंद सुरू होतो, आणि इच्छेची जाणीव होते ती फक्त २०० मिलिसेकंद आधी. म्हणजे ‘मी ठरवले’ असे मला कळण्यापूर्वीच मेंदूत तयारी चालू झालेली असते.

निष्कर्ष धक्कादायक वाटतो. पण खुद्द लिबेट यांनी इच्छास्वातंत्र्य नाकारले नव्हते. जाणीव झाल्यावरही उठू पाहणारी कृती रोखायला अवधी उरतो, असे त्यांचे म्हणणे होते. २००८ मध्ये लाइपझिगच्या एका प्रयोगात डावे बटण दाबणार की उजवे याचा अंदाज मेंदूच्या चित्रणावरून काही सेकंद आधी बांधता आला, पण तो बरोबर ठरण्याचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास होते, आणि नाणे उडवून पन्नास टक्के मिळतातच. २०१२ मध्ये आरॉन शर्गर आणि सहकाऱ्यांनी वेगळाच खुलासा पुढे आणला : तो चढाव म्हणजे झालेला निर्णय नसावाच, मेंदूत सतत चालणाऱ्या अस्ताव्यस्त चढउतारांपैकी एखादा उंबरठा ओलांडतो तेव्हा हालचाल घडते, आणि मागे वळून सरासरी काढली की तो चढाव तयारीसारखा दिसतो. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०१९ चा उरी माओझ आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. त्यात लोकांना दोन सेवाभावी संस्थांपैकी कुणाला खरेखुरे पैसे द्यायचे हे ठरवायचे होते. जिथे निवडीने काही फरक पडणार नव्हता, तिथे तो प्रसिद्ध चढाव दिसला. जिथे निवड खरोखर काही ठरवणार होती, तिथे तो जवळजवळ नाहीसा झाला.

मनगट कधी हलवायचे याला कसलेच कारण नसते. नोकरी सोडायची का, साक्ष द्यायची का, म्हाताऱ्या आईला घरी ठेवायचे का, यांना कारणे असतात आणि ती महिनोन्‌महिने मनात घोळतात. स्वातंत्र्य शोधायचे असेल तर ते या घोळण्यात शोधले पाहिजे. अर्ध्या सेकंदात ते सापडले नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

तरी मेंदूविज्ञानाने एक गोष्ट निर्विवाद शिकवली, आणि ती प्रयोगशाळेपेक्षा रुग्णालयांतून आली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातला एक शिक्षक वयाच्या चाळिशीत अचानक लहान मुलांविषयी विकृत आकर्षण दाखवू लागला. सावत्र मुलीशी गैरवर्तन केल्याबद्दल तो दोषी ठरला. २००० साली, शिक्षा सुनावली जाण्याच्या आदल्या रात्री, असह्य डोकेदुखीने तो रुग्णालयात गेला. डोळ्यांच्या वरच्या भागात, कपाळामागच्या मेंदूत, मोठी गाठ निघाली. ती काढल्यावर आकर्षण नाहीसे झाले. काही महिन्यांनी ते परत आले, तेव्हा गाठही परत वाढलेली सापडली. ती काढल्यावर ते पुन्हा गेले. २००३ मध्ये डॉक्टरांनी ही हकिकत प्रसिद्ध केली. हे वाचून त्या माणसाला दोष द्यायला आपली जीभ कचरते. स्टॅनफर्डचे रॉबर्ट सापोल्स्की २०२३ च्या ‘डिटरमाइंड’ या पुस्तकात विचारतात की गाठ दिसली म्हणून आपण कचरलो. मग जी कारणे चित्रणात दिसत नाहीत, गर्भातली उपासमार, बालपणीचा मार, पिढ्यान्‌पिढ्यांचे दारिद्र्य, त्यांच्याबाबतीत आपण का कचरत नाही? त्यांच्या मते दोष आणि श्रेय दोन्ही सोडून द्यावेत, आणि धोकादायक माणसाला साथीच्या रोग्याप्रमाणे, त्याचा अपमान न करता, वेगळे ठेवावे.

या प्रश्नातली करुणा मला मनापासून पटते. विलगीकरणाच्या उत्तराची मला भीती वाटते. ती का वाटते हे सांगायला आपल्या घरच्या इतिहासाकडे यावे लागेल.

महाराष्ट्रात मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री सटवी येऊन त्याच्या कपाळी नशीब लिहिते, अशी समजूत आहे. तिच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी मांडतात. ज्या बाईची मुले जगत नाहीत तिच्या तोंडी सटवीचे नाव येते तेव्हा त्यात सांत्वन असते. झाले त्यात तुझा दोष नाही, एवढे ते नाव तिला सांगते. पण त्याच समाजात कर्मविपाकाचा सिद्धांतही आहे, आणि तो नेमका उलटे सांगतो : तुझ्या वाट्याला आलेला जन्म ही तुझीच गेल्या जन्मीची करणी. मोकळीक कुठलीच नाही, आणि दोष मात्र संपूर्ण. ज्या जन्माची आठवण नाही त्यातल्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून गावकुसाबाहेरचे आयुष्य, आणि त्याविरुद्ध उठायचे म्हटले तर तोही अधर्म. जगातल्या इतर नियतीवादांत इतकी पक्की बांधणी मला दिसली नाही.

लोकमान्य टिळकांना हा पेच ठाऊक होता. मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१५ मध्ये ते छापले गेले. त्यातले दहावे प्रकरण ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या विषयावर आहे. राजद्रोहाच्या आरोपाखाली बंदिवान असलेला माणूस, सारी प्रकृती कर्माने बांधलेली असताना माणसाला यत्नाची मोकळीक कुठून मिळते, हे शोधत बसला आहे. त्यांचे उत्तर वेदान्ताचे आहे : देह, इंद्रिये, मन, बुद्धी बांधलेली असली तरी आत्मा मुळात स्वतंत्र आहे, आणि त्याचीच प्रेरणा माणसाला ज्ञानाकडे ओढते. युक्तिवाद म्हणून तो सर्वांना पटेल असे नाही. आत्मा न मानणाऱ्याला तर तिथे उभे राहायलाच जागा नाही. पण टिळकांना निवृत्तीचा, हात बांधून बसण्याचा मार्ग नको होता, आणि त्यासाठी कर्मविपाकाच्या तटबंदीत त्यांनी एक दार शोधले, हे महत्त्वाचे.

डॉ. आंबेडकरांनी तटबंदीच नाकारली. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात ते पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बाजूला सारतात. त्याचा हेतूच असा की राज्य किंवा समाज यांच्यावरची गरिबांच्या आणि खालच्या ठरवलेल्यांच्या दुःखाची जबाबदारी उचलून ती त्यांच्याच पदरात टाकावी आणि बंडाची इच्छा मारून टाकावी, असा त्यांचा आरोप आहे. बौद्ध परंपरेत याला जुना आधार सापडतो. सगळे पूर्वकर्माने घडते असे मानणाऱ्यांना बुद्धांनी ‘अंगुत्तरनिकाया’त सुनावले आहे की मग खुनी पूर्वकर्मामुळेच खुनी ठरेल, आणि हे करावे, हे करू नये, असा विचारच उरणार नाही. आंबेडकर इच्छास्वातंत्र्याच्या वादात पडले नाहीत, तरी तो वाद कुणाच्या जिवावर चालतो ते त्यांनी इतर कुणाहीपेक्षा स्पष्ट दाखवले.

कर्मविपाकाची ही बांधणी इंग्रजांच्या कायद्यात आधुनिक वेशात पुन्हा आली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्यामागचा युक्तिवाद ऐकायला सरळ होता : या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा पिढीजात गुन्हेगारांच्याही जाती असणारच. १९११ च्या नव्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यापर्यंत पसरली. पारधी, कैकाडी, टकारी, भामटा अशा जमातींतल्या लोकांची नावे रजिस्टरात चढली. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. तिथली माणसे गिरण्यांत कामाला जात आणि हजेरीला परत येत. मुलांना सुधारण्यासाठी आईबापांपासून तोडून ठेवण्याची तरतूदही कायद्यात होती. यांतल्या बहुतेकांवर कुठलाही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. ते गुन्हा करतीलच, कारण ते तसेच जन्मले आहेत, हे सरकारचे शास्त्र होते.

१९२४ मध्ये हा कायदा एकत्र करून पुन्हा मंजूर झाला. त्याच वर्षी शिकागोत नेथन लिओपोल्ड आणि रिचर्ड लोएब या, विशीही न ओलांडलेल्या, अतिश्रीमंत घरांतल्या दोन तरुणांवर चौदा वर्षांच्या एका मुलाच्या खुनाचा खटला चालला होता. गुन्हा त्यांनी कबूल केला होता. वकील क्लॅरन्स डॅरो यांनी न्यायालयासमोर दीर्घ भाषण केले. ही मुले जशी आहेत तशी ती आपल्या मर्जीने झालेली नाहीत. पूर्वजांकडून काय आले, कुणी कसे वाढवले, यातून ती घडली. तेव्हा त्यांना फाशी देऊ नका, असा त्याचा गाभा. न्यायाधीश कॅव्हर्ली यांनी निकालात मुख्यतः वयाचा आधार घेतला, पण फाशी टळली.

हे वर्ष लक्षात ठेवावे असे मी वाचकाला सांगेन. माणूस आनुवंशिकतेने आणि परिस्थितीने घडतो, हे एकच विधान. शिकागोत ते उच्चारले गेले तेव्हा दोन कबुलीदार खुन्यांचे प्राण वाचायला त्याची मदत झाली असे अनेकांना वाटले. सोलापुरात त्याच विधानाने, ज्याने काहीच केले नाही अशा मुलाच्या भोवती तार बांधली. विधान खरे की खोटे, याने हा फरक पडला नाही. फरक पडला तो विधान कोण कुणाविषयी करतो आहे, यामुळे. डॅरो समोरच्या मुलांना आपल्यासारखेच मानत होते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसाच झालो असतो, हा त्यांच्या बोलण्याचा आधार होता. कायदा करणाऱ्यांनी स्वतःला त्या विधानाबाहेर ठेवले. आपण विचार करून निर्णय घेतो आणि पारधी रक्ताने घेतो, अशी त्यांची वाटणी होती. नियतीवाद फक्त दुसऱ्याला लावला की त्याचा असा पिंजरा होतो.

आणि म्हणून मला विलगीकरणाची भीती वाटते. सापोल्स्की यांच्यासारखे विचारवंत कमीत कमी बंधनाचा आग्रह धरतात, त्यांचा हेतू निर्मळ आहे. पण दोषाची कल्पना काढून घेतली की तिच्याबरोबर प्रमाणाची कल्पनाही जाते. केलेल्या कृत्याची शिक्षा संपते. चोरीला दोन वर्षे दिली तर दोन वर्षांनी दार उघडते. स्वभावाच्या संशयाला मुदत नसते. सेटलमेंट हे विलगीकरणच होते, तिथे शिक्षा हा शब्द वापरण्याची गरज नव्हती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या, पण चोरी झाली की आधी कुणाच्या पालावर पोलीस जातात हे महाराष्ट्रात कुणाला सांगावे लागत नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आले. खिसे कापायला शिकवणारी परिस्थिती किती घट्ट असते आणि तरी एक मुलगा शाळेत कसा टिकतो, हे दोन्ही त्यात एकाच घरात घडते. इच्छास्वातंत्र्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असे मला वाटते.

आपला आजचा फौजदारी कायदा या बाबतीत बराच शहाणा आहे. सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात समज पुरेशी होती का, हे पाहिले जाते. मनोविकारामुळे आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हे ज्याला कळू शकत नव्हते, तो सुटतो. भारतीय न्याय संहितेतल्या या तरतुदी जुन्या दंडविधानातूनच आलेल्या आहेत. त्यांत स्वातंत्र्य हा आत्म्याचा गुण मानलेला नाही. ते एक सामर्थ्य मानले आहे : वयाबरोबर वाढणारे, आजाराने घटणारे, कुणात जास्त तर कुणात कमी. माझाही कल याच बाजूला आहे. कारणांच्या साखळीतून कुणी सुटलेला नाही, पण कारणे तोलण्याची, थांबण्याची, चुकले तर वळण्याची शक्ती खरी आहे. ती शक्तीही कारणांतूनच घडते : झोप, अन्न, शाळा, कुणीतरी ठेवलेला विश्वास.

याचा पुरावा व्यसनमुक्तीच्या कामात रोज दिसतो. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपण हतबल आहोत याची कबुली. मनाचा निग्रह करून सुटेन, हा अहंकार तिथे आधी सोडावा लागतो. आणि लगेच पुढे करायच्या कामांची यादी सुरू होते : सभेला यायचे, आपले अनुभव सर्वांसमोर मोकळेपणाने सांगायचे, ज्यांना दुखावले त्यांची भरपाई करायची, फक्त आजचा दिवस प्यायचे नाही. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांनीही व्यसनी माणसाला पापी न मानता आजारी मानले, आणि तरी बरे होण्याचे काम त्याच्याच हातात ठेवले. सोडल्यावर पुन्हा प्यायलेला माणूस परत येतो तेव्हा त्याला कुणी नालायक म्हणत नाही, आणि त्याचा काही इलाज नव्हता असेही म्हणत नाही. दोष सोडून जबाबदारी कशी ठेवायची, हे तत्त्वज्ञांना जमायच्या आधी या लोकांना जमले.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. इच्छास्वातंत्र्यावरचा विश्वास उडाला की माणसे अनीतीने वागू लागतात, असे पुष्कळदा सांगितले जाते. आधार दिला जातो तो २००८ च्या एका प्रयोगाचा. कॅथलीन व्होस आणि जोनाथन स्कूलर यांनी तीस विद्यार्थ्यांपैकी काहींना फ्रान्सिस क्रिक यांच्या पुस्तकातला स्वातंत्र्य नाकारणारा उतारा वाचायला दिला; त्यांनी नंतर गणिताच्या चाचणीत अधिक लबाडी केली. पुढे इतरांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम टिकला नाही. एक उतारा वाचून माणसाचा धर्म बदलत नाही. आजीविक साधूही विरक्तच होते. नियतीवादी शेजाऱ्याला भ्यायचे कारण नाही. भ्यायचे ते हातात रजिस्टर असलेल्या नियतीवाद्याला.

पुढच्या प्रकरणांत मतभेद भरपूर आहेत, आणि ते मिटवण्याचा प्रयत्न केलेला नाही. तत्त्वज्ञानाची सवय नसलेल्यांनी कायद्याचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. न्यायाधीश, पोलीस, शिक्षक, डॉक्टर, सरपंच, म्हणजे दुसऱ्याच्या वागण्यावर रोज निकाल देणारे जे कुणी वाचक असतील, त्यांना माझी विनंती आहे : इथला एखादा युक्तिवाद पटला, तर तो समोरच्या माणसाला लावण्याआधी स्वतःला लावून पाहावा, आणि स्वतःसाठी जी सवलत मागाल ती त्यालाही द्यावी.